कॅमेरा, प्रिंटर आणि खुणेची अंगठी

माघ महिन्यात चिंचलीला मायाक्कादेवीची यात्रा भरते, तेव्हा निपाणी, चिकोडी, कोल्हापूर या बाजूंनी माणसांचा लोंढा लोटतो. जत्रेतला छायाचित्रकार हा जुना पेशा. डोक्यावर काळे कापड ओढून उभा राहणारा त्याचा पूर्वज आता दिसत नाही. गळ्यात कॅमेरा आणि पिशवीत तळहाताएवढा प्रिंटर असला, की दर्शन घेऊन परतणाऱ्या कुटुंबाच्या हाती मिनिटा-दोन मिनिटांत चित्र ठेवता येते. दोन यंत्रांमध्ये तार नसते. चित्र हवेतून जाते. मग ते नेमके स्वतःच्याच प्रिंटरकडे गेले, वाटेत कोणी पाहिले नाही, याची खात्री कशी बाळगावी?

यात्रेतल्या हौशी चित्रापुरता हा प्रश्न असता तर तो सोडून देता आला असता. परंतु बेळगावच्या खडेबाजारात किंवा निपाणीच्या पेठेत स्टुडिओ चालविणाऱ्याकडे स्थळाला दाखवायचे मुलीचे छायाचित्र असते, भरतीसाठी आलेल्या तरुणाचे ओळखपत्रही असते. ते कोणी पाहावे हे ठरविण्याचा अधिकार त्या माणसांचा आहे. स्टुडिओवाला केवळ त्याचा विश्वस्त होय.

कॅमेरा आणि प्रिंटर यांना बिनतारी जोडणाऱ्या ज्या पद्धती आहेत, त्यांपैकी ब्लूटूथ ही एक. विखुरलेल्या डॅनिश टोळ्यांना एकत्र आणणाऱ्या दहाव्या शतकातील हॅराल्ड या राजाच्या टोपणनावावरून तिचे नाव पडले. १९९८ साली एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी तिच्यासाठी मंडळ स्थापन केले. प्रचलित पद्धतीत संदेश ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० वेळा उड्या मारीत जातो. अशा उड्यांची कल्पना त्याहून पुष्कळ जुनी आहे. हेडी लमार ही चित्रपटतारका आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार यांनी पाणतीराला शत्रूच्या अडथळ्याशिवाय दिशा देता यावी म्हणून १९४२ साली तिचे पेटंट मिळविले होते.

या उड्यांमुळे चोराला माग लागत नाही, असा समज आढळतो. तो खरा नव्हे. योग्य उपकरण असलेल्याला उड्यांचा क्रम ओळखता येतो. आणि दहा मीटरची मर्यादा ही काही भिंत नव्हे, चांगली अँटेना त्यापलीकडूनही ऐकते. खरे संरक्षण आहे ते गुप्त किल्लीत, आणि ती किल्ली तयार होते दोन्ही यंत्रे एकमेकांशी प्रथम जोडली जातात त्या क्षणी.

अशोकवनात मारुती समोर आला तेव्हा सीतेला तोही रावणाचीच माया वाटला. रामनामांकित मुद्रिका पाहिल्यावर तिचा विश्वास बसला. यंत्रांच्या पहिल्या भेटीतही अशीच खूण पटावी लागते. जुन्या प्रिंटरांत ही खूण म्हणजे कारखान्यातच ठरलेला चार आकडी अंक असे, बहुधा ०००० किंवा १२३४. म्हणजे मुद्रिका बाजारात विकत मिळावी तसे. तेल अवीव विद्यापीठातील यानिव शाकेद आणि अविशाय वूल यांनी २००५ साली दाखवून दिले, की जोडणी ऐकलेल्या माणसाला असा चार आकडी अंक साध्या संगणकावर सेकंदाच्या एक तृतीयांश भागाच्या आत काढता येतो.

२००७ साली पद्धत सुधारली. आता दोन्ही यंत्रे एकमेकांना काही अंक उघडपणे पाठवितात आणि त्यांवरून आपापल्या जागी एकच किल्ली बनवितात. ती किल्ली हवेतून जातच नाही. मध्येच तिसरा कोणी शिरून दोघांनाही फसवू नये म्हणून दोन्ही पडद्यांवर सहा आकडी अंक उमटतो. तो दोहोंकडे एकच आहे, हे माणसाने डोळ्यांनी पाहायचे असते. तिसरा मध्ये असूनही अंक जुळण्याचा संभव दहा लाखांत एक. पुष्कळ लोक मात्र न पाहताच ‘होय’ दाबतात आणि ती मुद्रिका वाया घालवितात.

खरी अडचण आहे पडदाच नसलेल्या छोट्या प्रिंटरांची. तेथे अंक दाखविण्याची सोय नसते, जोडणी आपोआप होते. चोरून ऐकणाऱ्यापासून ती वाचविते, मध्ये शिरणाऱ्यापासून नाही. म्हणून असा प्रिंटर यात्रेच्या गर्दीत प्रथम जोडू नये. घरी, दार लावून जोडावा आणि मग दोन्ही यंत्रांचे इतरांना दिसणे बंद करावे. गर्दीत प्रिंटरने अचानक पुन्हा जोडणी मागितली तर ती नाकारावी. ओळख विसरायला लावून पुन्हा जोडणी घडविणे, ही त्याच शाकेद-वूल जोडीने वर्णिलेली युक्ती आहे. कारखान्याकडून येणाऱ्या सुधारणाही यंत्रात घालाव्यात, कारण २०१९ साली किल्लीची लांबी फसवून कमी करता येते असे उघडकीस आले, आणि त्यावरचा उपाय अशा सुधारणांतूनच आला.

आणखी एक गोष्ट विकत घेतानाच विचारावी. कॅमेऱ्यावर ब्लूटूथचे चिन्ह असले म्हणजे तो थेट छापतो असे नाही. अनेक कॅमेऱ्यांत ब्लूटूथ केवळ मोबाइलशी ओळख ठेवण्यापुरते असते आणि चित्र वाय-फायने जाते. तेव्हा खूण पटवायची ती मोबाइल आणि प्रिंटर यांच्यात. जुना प्रिंटर विकताना त्यातील सर्व जोडण्या पुसून टाकाव्यात, आणि मोबाइलमधूनही त्याचे नाव काढावे. ज्यांचा कॅमेरा आणि प्रिंटर २००३ च्या पिक्टब्रिज पद्धतीचे आहेत, त्यांनी स्टुडिओतल्या टेबलावर हातभर यूएसबी तार लावली तरी काम होते.