तापीच्या काठी पाठीवरचे ओझे

मध्यप्रदेशातील बैतूल जिल्ह्यात, मुलताई येथे उगम पावलेली तापी सुमारे ७२४ किलोमीटरांची वाट चालून, अवघा खानदेश ओलांडून सुरतेजवळ समुद्रास मिळते. त्यामुळे बुऱ्हाणपूर-भुसावळच्या मुलखात कोसळलेला पाऊस, सुरतेत त्या दिवशी आभाळ निरभ्र असले तरी, येथील गल्ल्यांतून पुरुषभर पाणी होऊन शिरू शकतो. १९६८ च्या महापुरानंतर, १९७२ साली उकाईचे धरण पुरे झाले आणि शहरास मोठाच आधार लाभला. तथापि ऑगस्ट २००६ मध्ये त्याच धरणातून सुमारे ९ लाख क्युसेक पाणी सोडणे भाग पडले, नेहरू पुलापाशी धोक्याची पातळी ९.५ मीटर असता पाणी १२ मीटरांच्याही वर चढले, आणि अडाजण, रांदेर, कतारगामसह शहराचा फार मोठा भाग जलमय होऊन असंख्य कुटुंबे वरच्या मजल्यांवर व गच्च्यांवर, विजेवाचून आणि पिण्याच्या पाण्यावाचून अडकून पडली.

उकाई शहरापासून सुमारे १०० किलोमीटर वर आहे आणि तेथून सोडलेले पाणी येथे पोहोचण्यास काही तास लागतात. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत यंत्रमागाच्या उद्योगासाठी येऊन स्थायिक झालेल्या हजारो खानदेशी कुटुंबांना तर तापीवरच्या, उकाईच्याही वरच्या अंगास असलेल्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याची वार्ता गावाकडच्या आप्तांकडून सरकारी इशाऱ्याच्याही आधी कळू शकते. या काही तासांत घरातील माणसांना करावयाचे असते ते एवढेच, की अंधाऱ्या जिन्याने, एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने वृद्ध आईचा किंवा लहानग्याचा हात धरून वर चढावे. बोचके, सुटकेस आणि हातातली थैली या प्रसंगी निरुपयोगी ठरतात. दोन्ही हात मोकळे ठेवणारी सॅक हीच येथे खरी सोय. आणि माझे ठाम मत असे, की आपत्तीसाठी निराळी सॅक विकत घेऊन ती माळ्यावर टाकून ठेवू नये, तर जी सॅक पाठीवर घेऊन आपण डांगच्या जंगलातून साल्हेर-मुल्हेर किल्ल्यांच्या वाटेस लागतो, तीच पावसाळ्याच्या तोंडाशी भरून दाराजवळ टांगावी.

अशी सॅक निवडताना पहिली गोष्ट ओझ्याच्या जागेची. ओझे पाठीवर आले की शरीर व ओझे यांचा संयुक्त गुरुत्वमध्य मागे सरकतो, आणि तो पुन्हा पावलांच्या वर आणण्यासाठी मनुष्य नकळत पुढे वाकतो. हे वाकणे किती, हे ओझ्याच्या वजनाइतकेच ते पाठीपासून किती अंतरावर आहे यावर ठरते: ८ किलोंचे ओझे पाठीपासून १० सेंटिमीटरांवर असता जो पीळ पडेल त्याच्या अडीचपट पीळ तेच ओझे २५ सेंटिमीटरांवर गेल्यास कण्याच्या स्नायूंवर पडतो. म्हणून जड जिन्नस पाठीला चिकटून, खांद्यांच्या फऱ्यांमध्ये असावेत आणि कपड्यांसारखे हलके सामान बाहेरच्या अंगास व तळाशी जावे; बाहेर अनेक खिसे लटकलेली, पोट फुगलेली सॅक दुकानात कितीही आकर्षक दिसो, ती या नियमाच्या विरुद्ध बनलेली असते.

दुसरी गोष्ट कमरपट्ट्याची. खांद्यावरचे पट्टे गळपट्टीच्या हाडाखालून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्यावर दाब देतात. तो दाब तासन्‌तास राहिला तर बोटे बधिर होतात आणि क्वचित हातच काही काळ दुर्बल होतो, ही हकीकत लष्करी वैद्यकास फार पूर्वीपासून अवगत आहे. नॉर्वेच्या ओले बेर्गान याने १९०९ साली पाठीच्या आकाराप्रमाणे वाकविलेल्या चौकटीचे पेटंट घेतले; आणि १९५० नंतरच्या काळात अमेरिकेत डिक केल्टी याने अॅल्युमिनियमच्या चौकटीस कमरपट्ट्याची जोड दिली, तेव्हा ओझ्याचा मोठा वाटा खांद्यांवरून नितंबाच्या भक्कम हाडावर उतरविण्याची युक्ती सर्वसामान्य पदयात्रिकांच्या हाती आली. परंतु पट्टा त्या हाडाच्या कडेवर बसला तरच हा लाभ मिळतो, पोटावर बसल्यास नाही. यासाठी मान खाली घालून मानेच्या तळाशी जो मणका ठळक लागतो तेथपासून, कमरेवर हात ठेवले असता दोन्ही अंगठ्यांना जोडणाऱ्या रेषेपर्यंतचे अंतर फितीने मोजावे आणि या मापाची सॅक मागावी. उंचीवरून हे माप कळत नाही; सारख्या उंचीच्या दोन भावंडांचे ते निराळे असू शकते. लिटरांचा विचार यानंतरचा: एका दिवसासाठी २० ते ३०, दोन-तीन मुक्कामांसाठी ४० ते ५०.

कापडाबद्दल सुरतकरांस मी काय सांगावे! कृत्रिम धाग्याच्या कापडाच्या या पेठेत डेनियर हा रोजच्या व्यवहारातला शब्द आहे: ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन. मात्र सॅकच्या चिठ्ठीवरील ६०० हा आकडा तिची मजबुती पुरती सांगत नाही. त्याच डेनियरचे नायलॉन पॉलिएस्टरपेक्षा घर्षणास अधिक टिकते, तर पॉलिएस्टर पाणी फारच कमी शोषते आणि उन्हात अधिक तग धरते. कापडाच्या आतील बाजूस पॉलियुरेथेनचा लेप असतो. पण शिवणीचे प्रत्येक भोक पाण्यास मोकळे असते, म्हणून नुसत्या लेपावर विसंबू नये, तर दस्तऐवज व औषधे आत वेगळ्या जलाभेद्य पिशवीत ठेवावीत. हाच लेप उष्ण आणि दमट हवेत हळूहळू विघटित होऊन चिकट होतो व पापुद्रे धरून निघतो. सुरतेच्या हवेत वर्षानुवर्षे माळ्यावर घडी घालून ठेवलेली सॅक संकटसमयी अशीच निकामी निघण्याचा संभव असतो. वापरातली, उन्हावाऱ्यात झटकली जाणारी सॅक या दुर्गतीपासून बचावते, आणि तिचे बिघाडही वेळीच ध्यानात येतात.

भरावे काय? एका लिटर पाण्याचे वजन १ किलो. चार माणसांच्या तीन दिवसांच्या पाण्याचा बोजा पाठीवर घेण्याची कल्पनाच अव्यवहार्य. तो साठा वरच्या मजल्यावर आधीच करावा. सॅकमध्ये बाटलीभर पाणी, क्लोरीनच्या गोळ्या, क्षारसंजीवनीच्या पुड्या, नेहमीची औषधे, बॅटरी, शिट्टी, कोरडे खाणे आणि घराची कागदपत्रे पुरेत. एकूण वजन, ज्यास सराव नाही त्याने, आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शात ठेवावे. सराव असणाऱ्याने पाचव्या हिश्शापर्यंत न्यावे. ओझे वाहणे हे शिकण्याचे कसब आहे: केनियातील काही जमातींच्या स्त्रिया डोक्यावर आपल्या वजनाच्या पाचव्या भागाइतके ओझे जवळजवळ कोणतीही जादा ऊर्जा न खर्चता नेतात, असे १९८६ साली मोजमापांनी दिसून आले, आणि ही कुशलता वर्षानुवर्षांच्या सवयीने येते. १,५६७ मीटर उंचीच्या साल्हेरची चढण अशा सवयीस उत्तम शाळा आहे.

या चढणीवर शिकण्याजोगी एक गोष्ट पुराच्या पाण्यासाठीही अत्यावश्यक आहे. वाहत्या ओढ्यात पाऊल घालण्यापूर्वी अनुभवी गिर्यारोहक कमरेचे आणि छातीचे बक्कल सोडून ठेवतात, की तोल गेलाच तर सॅक एका झटक्यात खांद्यावरून उतरावी. पाण्याच्या ओढीत, पाठीशी जखडलेले ओझे माणसास उठू देत नाही. म्हणून वाहत्या पाण्यात उतरूच नये. आणि उतरणे अटळच झाले तर घरच्यांपैकी प्रत्येकाने, मुलांनीसुद्धा, बक्कल अंधारात नुसत्या बोटांनी सोडता येते का, हे कोरड्या अंगणात आधी करून पाहिलेले असावे.