रानात जाताना हातात काय असावे?
रिव्हॉल्वर, बंदूक, काडतुसे आणि खरी राखण



चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत धानाची बांधी जंगलाला लागून असते. एका धुऱ्यावर आपले पीक, तर दुसऱ्या धुऱ्यावर साग, मोह आणि तेंदूचे रान. रात्रीच्या जागलीला जावे तर रानडुकरांचा कळप आणि पहाटे मोह वेचायला जावे तर अस्वल. वाघ आणि बिबट तर आता गावाच्या शिवारापर्यंत येतात. 2021 साली ओडिशाकडून छत्तीसगडमार्गे रानटी हत्तीही गडचिरोलीत आले. अशा वेळी मनात साहजिकच येते की, एखादे रिव्हॉल्वर जवळ असते तर बरे झाले असते. कुणी म्हणतो, भरमार बरी. कुणी म्हणतो, बारा बोअर घ्यावी आणि तिच्यात एल.जी. भरावी. या पत्रकात याच प्रश्नाचा नीट विचार करू.

आधी कायदा ध्यानात घ्या

जुन्या काळी शिकारीचे परवाने निघत. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, पुढे त्यात दुरुस्त्या झाल्या आणि हौसेची शिकार कायमची बंद झाली. तेव्हा 'शिकारीला जाताना कोणते काडतूस घ्यावे' हा प्रश्नच आज उरत नाही. ससा असो की चितळ, त्याच्यामागे बंदूक घेऊन जाणे हा गुन्हा आहे.

मात्र जीव वाचविण्याचा हक्क कायद्याने काढून घेतलेला नाही. स्वतःचा किंवा दुसऱ्या माणसाचा जीव वाचविताना, खऱ्या हेतूने, एखादे जनावर मारले गेले किंवा जखमी झाले तर तो गुन्हा ठरत नाही. पण त्यात तीन गोष्टी नीट समजून घ्या. पहिली, ही सवलत माणसाच्या जिवासाठी आहे, पिकासाठी किंवा गुराढोरांसाठी नाही. दुसरी, तुम्ही त्या वेळी चोरटी शिकार करीत असाल किंवा फासे लावीत असाल तर ही सवलत मिळत नाही. तिसरी, मेलेले जनावर सरकारी मालमत्ता असते. त्याचे कातडे, नखे किंवा मांस घरी आणू नये.

अभयारण्यात तर लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन पाऊलही टाकता येत नाही. ताडोबा-अंधारी, चपराळा आणि भामरागड या भागांतील बांधवांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

रिव्हॉल्वर का कामाचे नाही?

आपल्या देशात सामान्य नागरिकाला परवान्यावर मिळणारे नेहमीचे रिव्हॉल्वर .32 बोअरचे. म्हणजे गोळीची जाडी सुमारे 8 मिलिमीटर आणि वजन जेमतेम 6 ग्रॅम. बारा बोअर बंदुकीतली एक गोळी याच्या चार ते पाचपट जड असते. पूर्ण वाढलेला नर वाघ दोन क्विंटलच्या घरात भरतो. रानडुकराच्या नराला खांद्यावर जाड कातडीची आणि कूर्चेची ढालच असते. अस्वलाच्या अंगावर दाट केस, खाली सैल कातडी. अशा जनावराला 6 ग्रॅमची गोळी लागली तरी ते जागच्या जागी थांबेल याची खात्री नाही. मग गोळी टोकदार घ्यावी की चपटी, हा वाद कशाला? रिव्हॉल्वरमध्ये कोणतेही काडतूस भरले तरी ते हत्यार या कामाचे होत नाही.

दुसरी अडचण वेळेची. वीस पावलांवरून निघालेला वाघ एक-दीड सेकंदात अंगावर येतो, आणि बहुतेक वेळा तो मागून येतो. तेवढ्यात कमरेचे हत्यार काढायचे, नेम धरायचा आणि घोडा ओढायचा. आखूड नळीचा नेम सरावलेल्या हातालाही अवघड, मग भ्यालेल्या हाताचे काय? गोळी चुकली तर ती शेजारी वाकून मोह वेचणाऱ्या बाईला लागू शकते.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. जखमी जनावर मरत नाही, ते झुडपात दडते. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने तुमचा शेजारी जातो. कुमाऊँमधील चंपावतच्या वाघिणीची हकीकत प्रसिद्ध आहे. तिने चारशेहून अधिक माणसे मारल्याची नोंद आहे. 1907 साली जिम कॉर्बेटने तिला मारले, तेव्हा बंदुकीच्या जुन्या जखमेने तिचे उजवीकडचे सुळे तुटलेले आढळले. नेहमीचे सावज धरता येईना म्हणून ती माणसाकडे वळली, असे त्याचे मत होते. एका अर्धवट गोळीची किंमत किती गावांना मोजावी लागते, ते यावरून दिसते.

मग परवान्याची बंदूक आणि तिची काडतुसे?

शस्त्र कायदा 1959 चा. त्यात पीक संरक्षणासाठी भरमार, म्हणजे तोंडाकडून ठासायची बंदूक सांगितली आहे. ती पुरेशी नाही असे परवाना अधिकाऱ्यास पटले तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळू शकते. 2019 पासून परवान्याची मुदत पाच वर्षांची आहे. विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षाही त्याच साली वाढविण्यात आली. म्हणून गावठी कट्टा किंवा आजोबांच्या वेळची बिनकागदाची भरमार घरात ठेवू नका.

ज्यांच्याकडे परवान्याची बारा बोअर आहे त्यांनी काडतुसांतला फरक जाणून घ्यावा. बारीक छर्ऱ्याचे काडतूस पाखरांसाठी असते. मोठ्या जनावराला त्याने फक्त जखम होते. एल.जी. आणि एस.जी. यांत मोजके जाड छर्रे असतात, पण पन्नास पावलांपलीकडे ते फाकतात आणि अंधारात कुठे जातील याचा नेम नाही. एकच गोळी असलेले काडतूस सर्वांत जोरदार, पण तीच गोळी चुकली तर शेताच्या पलीकडे लांबवर जाते. तिकडे दुसरी जागल असते, हे विसरू नका.

रानडुकरांसाठी 2015 च्या शासन निर्णयाने वन विभागाकडून परवानगी देण्याची पद्धत घालून दिली. ज्याला गरज असेल त्याने वनक्षेत्रपालाकडे लेखी अर्ज करावा. लेखी परवानगी हातात पडल्याशिवाय बंदुकीला हात लावू नये, मग परवाना खिशात असला तरी. आणि वाघ, बिबट, अस्वल, गवा किंवा हत्ती यांच्यासाठी बंदूक उचलण्याचा विचार मनातच आणू नका. 13 माणसे मारणारा सी.टी.-1 वाघ 2022 च्या ऑक्टोबरमध्ये वडसा वनात धरला गेला, तो वन विभागाच्या तयार पथकाने बेशुद्धीचे इंजेक्शन मारून. ते काम त्यांचेच.

आणखी दोन घातक उपाय काही ठिकाणी होतात. कुंपणाच्या तारेत विजेचा चालू प्रवाह सोडणे आणि पिठाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवणे. तारेने माणूस आणि बैल दोघेही मरतात. बॉम्ब तर गाईच्याच तोंडात फुटतो. सौर कुंपणाची गोष्ट वेगळी. त्यात झटका क्षणभराचा आणि थांबून थांबून बसतो, म्हणून जनावर पळते, मरत नाही. त्यासाठी अनुदानाची योजना आहे, तिची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात करा.

खरी राखण कशी करावी?

10 मे 2025 रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. मोह आणि तेंदूचा हंगाम म्हणजे सर्वांत धोक्याचे दिवस. म्हणून पुढील गोष्टी पाळा.

1. पहाटे आणि सांजेला रानात जाऊ नका. ऊन वर आल्यावर निघा, उन्हे कलण्यापूर्वी परता.

2. एकटे जाऊ नका. चार-पाच जणांनी मिळून, मोठ्याने बोलत जावे. एकाने पाने तोडू नयेत, उभे राहून फक्त चहूकडे पाहावे. वाकलेला माणूस वाघाला चार पायांच्या जनावरासारखा दिसतो.

3. डोक्याच्या मागे माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा बांधावा. 1986 साली सुंदरबनात हा प्रयोग झाला आणि मुखवटा घालणाऱ्यांवर हल्ले झाले नाहीत. मात्र मुखवटा आहे म्हणून बेसावध राहू नये.

4. मोहाखाली जाण्यापूर्वी लांबूनच काठी आपटा, हाका मारा. अस्वलाला कमी दिसते. ते दचकले की अंगावर येते.

5. वाघ दिसला तर पळू नका, पाठ फिरवू नका, खाली बसू नका. हात वर करून, ओरडत, त्याच्याकडे पाहत मागे सरका. अर्धवट खाल्लेले जनावर दिसल्यास तिथून लगेच निघा.

6. अस्वलाने खाली पाडलेच तर पालथे पडा आणि दोन्ही हातांनी मान झाका.

7. हत्ती आल्यास फटाके वाजवू नका, मोबाइलने चित्र काढायला पुढे जाऊ नका. घरात मोह साठवला असेल तर त्याच्या वासाने हत्ती घराकडे येतो. तो गावापासून दूर, सामायिक जागेत ठेवावा.

8. जागल जमिनीवर नको, उंच आणि पक्क्या मचानावर असावी. दोघे असावेत आणि जवळ चांगली बॅटरी असावी.

चावा किंवा ओरखडा लागल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना किंवा तंबाखू भरू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजची लस घ्या.

नुकसान झाले तर

वन विभागाचा मदत क्रमांक 1926 आहे. तो घराच्या भिंतीवर लिहून ठेवा. पिकाचे नुकसान झाल्यास तीन दिवसांच्या आत वनरक्षक, वनपाल किंवा वनक्षेत्रपालाकडे तक्रार द्या. जनावर मारले गेले किंवा माणूस जखमी झाला तर 48 तासांच्या आत कळवा, आणि पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर हलवू नका. गाय, बैल किंवा म्हैस गेल्यास बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 70 हजार रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम मिळते. माणूस दगावल्यास 2023 च्या शासन निर्णयाप्रमाणे वारसांना 25 लाख रुपयांचे साहाय्य आहे. गेलेले माणूस त्याने परत येत नाही, पण हक्काचे पैसे अर्जाअभावी बुडू देऊ नका. तक्रारीची पोच मागून घ्या आणि जपून ठेवा.

बंधूंनो, रिव्हॉल्वरला लागणाऱ्या पैशांत घराघरांत चांगल्या बॅटऱ्या येतील, मचान पक्के होईल आणि सौर कुंपणाचा आपला हिस्साही भरता येईल. येत्या ग्रामसभेत हा विषय काढा. तेंदूचा हंगाम सुरू होण्यापूर्वी टोळ्या ठरवा, राखणदार ठरवा आणि कुणी कोणत्या वाटेने जायचे ते आधीच बोलून घ्या.