टेबल एक, पुस्तकं वेगवेगळी

भिवंडी-वाडा रस्त्यावर, अंबाडी नाक्यावर जाऊन 'कोवर्किंग स्पेस' म्हणा, लोक विचारतील, म्हणजे काय हो? 'अभ्यासिका' म्हणा, लगेच कळेल. महिन्याची फी भरायची, खुर्ची आणि दिवा आपला, काम ज्याचं त्याचं. तत्त्व तेच.

फरक पडतो तो वाचनात. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. अशा जुन्या वाचनालयांची खरी बैठक म्हणजे वर्तमानपत्रांचं टेबल. अंक एक, वाचणारे चार. कुणाकडे अग्रलेख, कुणाकडे क्रिकेटचं पान. मग "झालं का तुमचं?" असं विचारावंच लागतं. ओळख तिथून होते. टंचाईतून, बरं का!

अभ्यासिकेत प्रत्येकाचं पुस्तक स्वतःचं. एमपीएससी, पोलीस भरती. शेजारी-शेजारी दहा तास बसूनही मुलं बोलत नाहीत, आणि ते योग्यच आहे. ज्याच्या घरी एकच खोली आणि त्यात टीव्ही, त्याला ही शांतता दुसरीकडे कुठं मिळणार? तेव्हा त्या खोलीत गप्पांचे कार्यक्रम घेऊ नका. वर्तमानपत्रं बाहेर ठेवा, व्हरांड्यात, चहा पितात तिथं.

आणि परीक्षा देऊन बाहेर पडणाऱ्याला सांगा, तुझी पुस्तकं इथंच ठेवून जा, पेन्सिलच्या खुणांसकट. आधीचा कुठं अडला होता, हे नव्याला त्या खुणांवरून दिसतं. कपाटाला कुलूप नको. कुणी काय नेलं, ते लिहायला एक वही पुरते.