अब्बांची फियाट आणि घरातली नवी गाडी

मुरुमात ज्या घरी जुनी फियाट अजून शेडमध्ये उभी आहे, तिथे ईदला सगळे जमले की हा वाद होतोच. गाडी विकायची की ठेवायची? थोरले म्हणतात, असा पत्रा आता मिळत नाही. पोरांना ती जागा नव्या गाडीसाठी हवी असते.

ही गाडी आपल्या भागाशी नातं सांगणारी. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स उभी करणारे वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० निघायची. १९७४ पासून तिला ‘प्रीमियर पद्मिनी’ नाव मिळालं, लोकांच्या तोंडी मात्र ती फियाटच राहिली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टेअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढे बाकासारखी सलग सीट.

तिचं खरं सुख दुरुस्तीत. कार्बोरेटरमध्ये कचरा अडकला तर काढून साफ करायचा, सीबी पॉइंट काळे पडले तर पॉलिश पेपरने घासायचे. जुना मिस्त्री डोळे मिटून करतो. आजच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचं ते संगणक ठरवतो. चोक ओढायला नको, धूर कमी, स्टेअरिंगही हलकं; त्यामुळे घरातल्या मुली लवकर शिकतात. पण सेन्सर बिघडला की स्कॅनर लावल्याशिवाय दुखणं कळत नाही.

‘मजबूत पत्र्या’चं म्हणणं मात्र मला पटत नाही. धडकेचा जोर कुठेतरी जिरावा लागतो. नव्या गाडीचं तोंड मुद्दाम चुरगळेल असं बनवतात, म्हणजे बराचसा जोर तिथेच जिरतो. फियाटमध्ये ती सोय नाही. त्यात चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि एअरबॅगचा पत्ता नाही. आळंदमार्गे गुलबर्ग्याला उर्साला निघालं की त्या पुढच्या सीटवर आई, मांडीवर लेकरू आणि बाजूला आणखी एक, अशी गर्दी असायची.

हीच सवय नव्या गाडीत नेली तर धोका वाढतो. एअरबॅग क्षणार्धात जोरात फुगते. मांडीवरचं मूल तिच्या आणि आईच्या मध्ये सापडतं. लहान मूल मागेच, त्याच्या स्वतंत्र सीटवर बसवावं. मागच्यांनीही पट्टा लावावा. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेव्हा गाडी महागडी आणि आधुनिक होती. ते मागे बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं.

तेव्हा उमरगा-सोलापूरच्या रोजच्या फेऱ्यांना आणि पोराबाळांना नवीच गाडी. फियाट ठेवायची असेल तर कागद बघा. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. मग ती रोज बाजाराला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढता येते. १९८५ ची पद्मिनी अजून यात बसत नाही. तिला फिटनेस तपासून दर ५ वर्षांनी आरटीओत नूतनीकरण करावं लागतं. आरसी बुक अजून अब्बांच्याच नावावर असेल, तर आधी वारसांच्या नावे करून घ्या.