वर्ग एकत्र ठेवणारा तास

काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी केलेले भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर १८८२ साली मॅक्सम्युलरच्या 'सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट' या मालेत प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ते हंटर शिक्षण आयोगाचे सदस्य होते. कोणत्याही एका पंथाचे नसेल असे नीतीचे पाठ्यपुस्तक तयार करून महाविद्यालयांत शिकवावे, अशी शिफारस आयोगाने केली आणि तेलंगांनी तिच्याविरुद्ध आपले मत लेखी नोंदवले. गीतेचा हा व्यासंगी भाषांतरकार नीतीच्या पाठ्यपुस्तकाला मात्र राजी नव्हता. माध्यमिक शाळेतल्या धर्म-नीतिशिक्षणाचा विचार करताना मला तेलंगांपासूनच सुरुवात करावीशी वाटते, कारण तशा पुस्तकाचा शोध आपण अजून सोडलेला नाही.

संविधान सभेत १९४८च्या डिसेंबरात शाळांतल्या धार्मिक शिक्षणाचा प्रश्न आला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक महत्त्वाचा भेद सांगितला. एखाद्या धर्माची शिकवण श्रद्धा म्हणून देणे वेगळे आणि धर्माचा अभ्यास करणे वेगळे. संविधानाच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाने बंदी घातली ती पहिल्या गोष्टीवर, आणि तीही पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांपुरती. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षण देता येते. मात्र पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्यात बसवता येत नाही. महाराष्ट्रातले माध्यमिक शिक्षण मुख्यतः खासगी संस्थांच्या शाळांतून चालते, म्हणून हा दुसरा भाग आपल्या विशेष जिव्हाळ्याचा आहे.

पुढच्या प्रत्येक अहवालात हा विषय आहे. राधाकृष्णन आयोगाने मौन चिंतन आणि धर्मसंस्थापकांची चरित्रे सुचवली. मुदलियार आयोगाने धार्मिक शिक्षण ऐच्छिक आणि शाळेच्या वेळेबाहेर ठेवले. १९५९ साली नेमलेल्या समितीचे अध्यक्ष श्रीप्रकाश त्या वेळी मुंबई राज्याचे राज्यपाल होते. त्यांच्या समितीने सर्व धर्मांच्या तौलनिक अभ्यासाचा आग्रह धरला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) 'धर्माचे शिक्षण' आणि 'धर्मांविषयीचे शिक्षण' अशी स्पष्ट फोड केली. त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक. १९९९ साली शंकरराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने सत्य, सदाचार, शांती, प्रेम आणि अहिंसा ही पाच मूल्ये पुढे ठेवली. अरुणा रॉय खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले, की धर्मांविषयी शिकवणे संविधानाच्या आड येत नाही.

म्हणजे वाट मोकळी आहे. मग वर्गात काय पोहोचले? पोहोचला तो परिपाठ. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष, बोधकथा आणि शेवटी मौन. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा यांच्याच रांगेत सर्वधर्मसहिष्णुताही भिंतीवर रंगवलेली असते. परिपाठाला कमी लेखायचे नाही. सकाळी सगळी शाळा एका मैदानात उभी राहते, हेही थोडके नव्हे. पण परिपाठात प्रश्न विचारता येत नाही. आणि आठवी-नववीचे वय प्रश्नांचेच असते. मैत्रिणीच्या घरी जेवायला का जायचे नाही? मासिक पाळीत देवघरात का जायचे नाही? देव नाही असे म्हणणारा माणूस चांगला असू शकतो का? हे प्रश्न मधल्या सुट्टीत, डबे उघडताना निघतात, आणि उत्तरे मिळतात ती मोबाइलवर.

दुसरीकडे अनेक मिशनरी शाळांत, गोव्यात आणि मुंबईतही, धर्म-नीतीच्या तासाची घंटा झाली की वर्ग दुभागतो. ख्रिस्ती मुले धर्मशिक्षणाला जातात, बाकीची 'मॉरल सायन्स'ला बसतात. यात सक्ती नाही, हेतूही सद्भावाचा आहे. तरी मला हे खटकते. ज्या विषयावर मुलांनी एकमेकांचे ऐकायला हवे, नेमक्या त्याच विषयाला ती वेगळ्या खोल्यांत बसतात.

हा पेच इतरांनीही सोडवून पाहिला आहे. इंग्लंडमध्ये १९४४च्या कायद्याने धार्मिक शिक्षण सक्तीचे केले, पण १९७५च्या बर्मिंगहॅमच्या अभ्यासक्रमात ख्रिस्ती धर्माबरोबर इतर धर्म आणि धर्म न मानणाऱ्या विचारसरणीही आल्या. आज तिथल्या मराठी घरातली मुलगी हिंदू धर्माविषयी वर्गातल्या सगळ्यांसोबत शिकू शकते. बर्लिनने २००६पासून सातवी ते दहावीच्या सर्व मुलांना नीतिशास्त्र हा विषय एकत्र शिकवायला घेतला. धर्म किंवा नीती यांतला एकच विषय निवडण्याची मुभा द्यावी, हा प्रस्ताव २००९च्या सार्वमतात टिकला नाही.

आपल्याकडे तर याहून जुनी, याहून धाडसी उदाहरणे आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले, तेव्हा निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एका पंगतीत जेवू लागली. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी शिकवत आणि वसतिगृह सांभाळत. मुलांसाठी हाताने लिहिलेले 'छात्रालय' दैनिक चालवत. याच शिक्षकाने 'भारतीय संस्कृती' लिहिली, 'इस्लामी संस्कृती'ही लिहिली, आणि १९४७ साली विठ्ठलाचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून पंढरपुरात उपोषण केले. अशा शिक्षकाने सर्वधर्मसमभाव उच्चारला, तर मुलाला त्याची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

मात्र प्रत्येक शाळेला साने गुरुजी मिळणार नाहीत, म्हणूनच तयारी हवी. बी.एड.च्या अभ्यासात धर्मांविषयी कसे बोलावे, स्वतःची श्रद्धा वर्गावर न लादता चर्चा कशी चालवावी, याचा सराव हवा. वेळापत्रकात आठवड्याला एक तास हवा. त्या तासाला घोकंपट्टी नको आणि गुणही नकोत.

त्या तासाचा एक धडा मला आत्ताच दिसतो. केरळमधली तीन भावंडे धार्मिक श्रद्धेमुळे राष्ट्रगीत गात नसत. पण ते चालू असताना आदराने उभी राहत. शाळेने त्यांना काढून टाकले. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. ही हकिकत नववीच्या वर्गात ठेवावी आणि निकाल सांगण्याआधी विचारावे: तुम्ही मुख्याध्यापक असता तर काय केले असते? मुले भांडतील, आवाज चढतील, काही जण मते बदलतील. शिक्षकाने त्यांना घाई करू नये. तास संपल्यावरही वाद चालू राहिला आणि डबे मात्र एकाच बाकावर उघडले, तर त्या दिवशीचे नीतिशिक्षण झाले असे मी म्हणेन.