दोन कान्यांचं अंतर

सातारा आणि सांगली जिल्ह्यांविषयीची माझी जुनी टिपणं संगणकात पडून होती. दोनेकशे तरी असतील. नद्या, किल्ले, बाजार, जत्रा, जे दिसलं ते लिहून ठेवलेलं. हवं ते चटकन हाती यावं म्हणून मी त्यांवर इलॅस्टिकसर्च नावाचा शोध-सर्व्हर बसवला आणि पहिलाच शब्द टाकला, 'सातारा'. उत्तरांत मिरजेच्या सतारी आल्या. तंतुवाद्यांच्या कारागिरांवरचं ते टिपण, त्यात साताऱ्याचं नावसुद्धा नव्हतं.

यंत्र बिघडलं नव्हतं. टायपिंगची चूक पोटात घालण्याची सोय मीच चालू केली होती. तिचा हिशेब साधा आहे. तीन ते पाच चिन्हांच्या शब्दाला एक चूक माफ, सहा किंवा जास्त चिन्हं असतील तर दोन. काना हे संगणकाच्या लेखी स्वतंत्र चिन्ह, त्यामुळे 'सातारा' भरतो सहा चिन्हांचा. त्यातले दोन काने गेले की उरते सतार. गंमत अशी की 'सतार' टाकून शोधलं तर सातारा येत नाही. त्या शब्दात चिन्हं चार, म्हणून माफी एकाच चुकीची.

एवढ्या झटपट शोधण्यामागची युक्ती सांगलीच्या हळद-गुळाच्या पेढ्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. दिवसभराचे व्यवहार रोजकीर्दीत तारखेनुसार उतरतात. पण अमुक शेतकऱ्याचं येणं किती, हे विचारायला कोणी आला की रोजकीर्द पहिल्या पानापासून चाळत बसत नाहीत. खतावणी उघडतात. तिथे त्याच्या नावाचं खातं असतं आणि समोर रोजकीर्दीची पानं. शोध-सर्व्हर शब्दांची खतावणी घालतो: 'हळद' हा शब्द टिपण क्रमांक ४, १७ आणि ९० मध्ये. शोध घेताना तो टिपणं वाचतच नाही, फक्त खातं उघडतो. इंग्रजीत या क्रमांकांच्या यादीतल्या एकेका नोंदीला 'पोस्टिंग' म्हणतात, आणि रोजकीर्दीतून खात्यात रक्कम नेण्यालाही हिशेबनीस पोस्टिंगच म्हणतात.

ही खतावणी घालणारा मूळ सांगाडा म्हणजे लूसीन. डग कटिंग यांनी तो १९९९च्या सुमारास लिहिला आणि त्याला बायकोचं मधलं नाव दिलं. सोलर आणि इलॅस्टिकसर्च हे दोन्ही नावाजलेले सर्व्हर त्यावरच उभे आहेत. (सोलरचा उन्हाशी काही संबंध नाही.) इलॅस्टिकसर्च २०१०चा. त्याचे कर्ते शाय बॅनन यांनी शोधाच्या या खटाटोपाला सुरुवात केली ती बायकोच्या पाककृती शोधता याव्यात म्हणून. या शास्त्रावर बायकांचे उपकार बरेच दिसतात.

आता या खतावणीच्या खोलीत आपण स्वतः जात नाही. आपलं काम करते ती क्लायंट लायब्ररी, म्हणजे पेढीवरचा दिवाणजीच म्हणा. आपण तोंडी सांगायचं, त्याने सर्व्हरला कळेल अशा रीतीने मांडून आत द्यायचं, आणि आलेलं उत्तर आपल्यापुढे नीट ठेवायचं. हे काम वाटतं तेवढं किरकोळ नाही. 'सातारा' हा शब्द वेबपत्त्यातून पाठवायचा तर एकेक चिन्ह तीन बाइटांचं, एकूण अठरा, आणि प्रत्येक बाइट तीन अक्षरांत लिहायचा. सहा चिन्हांची चोपन्न झाली. ते कोण हाताने लिहीत बसणार! टिपणं एकेक न नेता गठ्ठ्याने नेणं, सर्व्हर गप्प राहिला तर पुन्हा हाक मारणं, हेही त्याच्याकडेच. पायथन भाषेतल्या लायब्ररीने माझं हे सगळं काम दहा-बारा ओळींत उरकलं.

पण दिवाणजी सांगितल्या कामाचा. टिपण आत टाकून मी लगेच शोधलं तर उत्तर शून्य. दिवाणजी म्हणतो नोंद झाली, आणि ते खरंही असतं. मात्र नवी नोंद शोधाला दिसायला नेहमीच्या मांडणीत सेकंदभर जातो. माझा प्रोग्राम त्याच्याआधीच विचारून मोकळा झालेला. यात माझी एक संध्याकाळ गेली.

ही अडचण तशी किरकोळ, खरी कसोटी मराठीची. विश्वकोशाचंच उदाहरण घ्या. वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचं काम उभं राहिलं, पहिला खंड १९७६ साली आला. छापील कोशात नोंदीचं नाव मूळ रूपात असतं, वाचक अकारविल्ह्याने तिथे पोचतो. आज तो मजकूर महाजालावर आहे, आणि शोधणारा कुठल्याही शब्दाने आत शिरू पाहतो. मजकुरात 'सातारा' क्वचित. साताऱ्यात, साताऱ्याहून, साताऱ्याजवळचा असंच जास्त. त्यातला 'ऱ्या'सुद्धा संगणकात दोन रीतींनी लिहिला जातो. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला एकमेकांना परके.

इलॅस्टिकसर्चसोबत येणाऱ्या भाषांच्या यादीत हिंदी आहे, मराठी नाही. म्हणून हिंदीचे नियम लावून पाहिले. हिंदीत 'में', 'का' सुटे लिहितात, आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात, तेव्हा नियम अपुरे पडणारच होते. पण त्यांनी भलतंच केलं. ते हलन्त पुसतात आणि 'ऱ'चा 'र' करतात, त्यामुळे सह्याद्रीतल्या दऱ्या थेट दर्यात बुडाल्या. ऱ्हस्व-दीर्घही सपाट होतात, म्हणजे दिन आणि दीन एकाच खात्यात.

मग नियम स्वतःच लिहिले: शेवटचा 'त', 'ला', 'चा' काढा. सांगलीत, सांगलीला, सांगलीचा छान जुळले. पण भाताचा 'भा' झाला आणि अजिंक्यताऱ्याचा किल्ला 'किल्'वर आला. 'वाई'ने सुरू होणारं सगळं आण म्हटलं तर यंत्राने 'वाईट'सुद्धा पुढे ठेवलं. वाईकरांनी माफ करावं.

सगळ्यात चकवलं कृष्णेने. वाईवरून वाहत येऊन कराडला कोयना घेऊन सांगलीला जाणारी ही नदी माझ्या निम्म्या टिपणांत आहे. यंत्राने 'कृष्णाचा' मधला 'चा' काढला, उरलं 'कृष्णा', आणि देवाची नोंद नदीच्या खात्यात पडली. नदी मात्र 'कृष्णेचा पूर' अशी असल्याने 'कृष्णे' या वेगळ्याच खात्यात. सांगलीचं विटाही असंच. नुसतं 'विटा' म्हटलं तर गाव की भट्टीतल्या विटा, कळत नाही. 'विट्याचा' आणि 'विटांचा' म्हटलं की शंका राहत नाही. इंग्रजीत वाढलेली शोधयंत्रं शब्दाचं शेपूट भुसा समजून पाखडतात. मराठीत पुष्कळदा ओळख त्या शेपटातच असते, आणि प्रत्ययाआधीचं सामान्यरूप जपल्याशिवाय मराठी शोध नीट होणार नाही, असं माझं मत झालं आहे.

तूर्त मी एक साधी फाइल केली आहे. डावीकडे 'कृष्णेचा', उजवीकडे 'कृष्णा'. डावीकडे 'कृष्णाचा', उजवीकडे 'कृष्ण'. नियम बदलला की जुनी खतावणी फाडून सगळी नव्याने घालावी लागते. ते काम दिवाणजी कुरकुर न करता करतो. फाइल मात्र त्याला भरता येत नाही. आपल्या गावाच्या नावाला 'ला' लावल्यावर काय होतं, हे त्या गावच्या माणसाला विचार न करता येतं. जत, मिरज, माण, फलटण, आटपाडी झाली. तुमच्या गावाची ओळ तुम्ही लिहा.