पर्यावरणाचा पैसा कोणत्या खात्यात?

मध्यप्रदेशाचे अर्थमंत्री भोपाळच्या विधानसभेत वार्षिक अंदाजपत्रक मांडतात, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इंदुरात अन्नपूर्णा मंदिराच्या आसपासच्या मराठी घरांत वर्तमानपत्र उघडले जाते, 'पर्यावरण' या शब्दापुढील आकडा शोधला जातो, त्याच्या क्षुद्रतेबद्दल हळहळ व्यक्त होते आणि सरकारला निसर्गाची पर्वा नाही, असा निकाल पोहे संपण्यापूर्वीच लागतो. हा निकाल कदाचित यथार्थही असेल. परंतु ज्या पुराव्यावर तो दिला जातो, तो पुरावा मात्र तकलादू आहे.

कारण पर्यावरण खात्याची मागणी, म्हणजे त्या खात्याच्या खर्चासाठी विधानसभेकडे मागितलेली रक्कम, हाच राज्याचा पर्यावरणावरील संपूर्ण खर्च, हा समजच मुळात चुकीचा आहे. त्या खात्याकडे मुख्यत्वे नियोजनाचे व समन्वयाचे काम असते, आणि १९८१ साली भोपाळात स्थापन झालेली पर्यावरण नियोजन व समन्वय संस्था ही त्याच कामासाठी आहे. प्रत्यक्ष झाडे लावायची ती वन खात्याने, सांडपाणी शुद्ध करायचे ते नगरविकास खात्याच्या पैशातून नगरपालिकांनी, सौरऊर्जेचा पाठपुरावा करायचा तो नवीकरणीय ऊर्जा खात्याने, अशी ही वाटणी आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाचा चरितार्थ तर बव्हंशी कारखान्यांकडून घेतल्या जाणाऱ्या संमतिशुल्कावर चालतो. सारांश, अंदाजपत्रकातले पर्यावरण अनेक दप्तरांत विखुरलेले असते आणि ते एकत्र करण्याचे कष्ट वाचकालाच घ्यावे लागतात.

दुसरा गैरसमज अधिक दूरगामी आहे. ऊर्जा खात्यापुढील हजारो कोटींचा आकडा पाहून नवी वीजकेंद्रे उभी राहत असावीत, असे पुष्कळांस वाटते. वस्तुस्थिती अशी, की त्या रकमेचा फार मोठा भाग वीजदरातील सवलतीची भरपाई म्हणून वितरण कंपन्यांच्या हवाली होतो. महिन्याला १५० युनिटांपर्यंत वीज वापरणाऱ्या घराला अटल गृहज्योती योजनेत पहिली १०० युनिटे १०० रुपयांत मिळतात. शेतकऱ्याला १० अश्वशक्तीपर्यंतच्या पंपासाठी दर अश्वशक्तीमागे वर्षाला ७५० रुपयांचा ठोक दर द्यावा लागतो. आणि उरलेली किंमत राज्याची तिजोरी सोसते. वीजदर ठरविण्याचा अधिकार सरकारचा नसून विद्युत नियामक आयोगाचा आहे, आणि २००३ च्या वीज कायद्याच्या ६५ व्या कलमाप्रमाणे सरकारला कोणास सूट द्यावयाची असेल, तर तिची रक्कम आगाऊ भरणे त्याच्यावर बंधनकारक आहे.

ही सवलत गरिबास नको, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु पंपाची मोटार किती तास चालली याच्याशी ज्या दराचा संबंधच उरत नाही, तो दर भूजलाच्या उपशाला मोकळे रान देतो, हे माळव्याने अनुभवले आहे. इंदूर, देवास, उज्जैन, रतलाम या जिल्ह्यांतील अनेक विकासखंड केंद्रीय भूजल मंडळाच्या लेखी अतिशोषित ठरले आहेत. पाणी वाचविण्यासाठी एका मागणीत मंजूर झालेली रक्कम दुसऱ्या मागणीतील कितीतरी मोठ्या रकमेपुढे निष्प्रभ होते, आणि तरीही विधिमंडळात या दोहोंची चर्चा वेगवेगळी होते. राज्याचे खरे पर्यावरणधोरण वाचावयाचे असेल, तर ते ऊर्जा खात्याच्या या बाबीतच वाचावे लागेल.

तिसरा समज जलूदच्या सौर प्रकल्पाविषयी आहे. हा प्रकल्प राज्य सरकारने इंदूरला दिलेली देणगी आहे, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. होळकरांच्या काळी यशवंत सागरासारख्या तलावांवर भागणारी या शहराची तहान १९७८ पासून नर्मदा भागविते; ते पाणी खरगोन जिल्ह्यातील जलूदहून सुमारे ७० किलोमीटर वाहून आणून विंध्याच्या माथ्यावर चढवावे लागते, आणि या चढाईच्या विजेचे देयक हा महानगरपालिकेच्या खर्चाचा एक अवजड भाग होऊन बसला आहे. ते हलके करण्यासाठी ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प योजला गेला, आणि त्यासाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये महानगरपालिकेने स्वतःच्या नावावर २४४ कोटी रुपयांचे हरित कर्जरोखे सर्वसामान्य गुंतवणूकदारांना खुले केले. त्यांवर ८.२५ टक्के व्याज असून त्यांची परतफेड ३, ५, ७ व ९ वर्षांच्या मुदतीत, चार समान हिश्श्यांनी व्हावयाची आहे. अर्थात हे कर्ज आहे, आणि ते इंदूरच्या नागरिकांच्या करांतून व वाचणाऱ्या वीजखर्चातून फिटावयाचे आहे. तो खर्च अपेक्षेइतका वाचतो की नाही, हे विचारण्याचा अधिकार म्हणूनच अन्नपूर्णेतल्या करदात्यास भोपाळच्या आमदाराहून अधिक आहे.

वनीकरणाच्या निधीविषयी थोडक्यातच सांगतो. खाणीस किंवा धरणास वनजमीन दिली असता त्या संस्थेकडून जो मोबदला वसूल होतो, तो २०१६ च्या कायद्याने राज्याच्या लोकलेख्यात स्वतंत्र जमा राहतो आणि वर्षअखेरीस बुडत नाही. त्यातून लागलेली झाडे करदात्याच्या पैशाची नव्हेत. ती तोडलेल्या जंगलाची भरपाई आहे.

मंजूर झाले म्हणजे खर्च झाले, हा शेवटचा भ्रम सर्वांत जुना असून सर्वच खात्यांना लागू आहे. अंदाजपत्रकाच्या ग्रंथात चालू वर्षाचा मूळ व सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज यांच्या शेजारी दोन वर्षांपूर्वीच्या प्रत्यक्ष खर्चाचाही एक स्तंभ छापलेला असतो. वर्तमानपत्रे त्याची दखल क्वचितच घेतात. हे ग्रंथ राज्याच्या वित्त विभागाच्या संकेतस्थळावर कोणासही विनामूल्य पाहता येतात. वाचकांनी ते एकदा उघडावेत, नगरविकास, वन आणि ऊर्जा या तीन मागण्या काढाव्यात, आणि प्रथम तो प्रत्यक्ष खर्चाचा स्तंभ वाचावा.